दर्भाचा कावळा : मराठी कादंबरीतील मृतांविषयी काही विचार

१

मराठी कथात्म साहित्याच्या समीक्षेत मृत्यूची चर्चा विपुल आहे. मृतांची चर्चा मात्र जवळजवळ नाही. हा भेद केवळ शब्दांचा नव्हे. मृत्यू ही घटना आहे. ती कथानकाला वळण देते, पात्रांना अंतर्मुख करते, लेखकाला आपली जीवनदृष्टी प्रकट करण्याची संधी देते. मृत ही व्यक्ती आहे. तिचे नाव, तिचे देणेघेणे, तिची अपुरी राहिलेली इच्छा आणि मागे राहिलेल्यांची तिच्याविषयीची परस्परविरोधी मते हे सर्व ती घटना घडून गेल्यानंतरही उरते. साठोत्तरी कालखंडात अस्तित्ववादी विचाराच्या प्रभावाखाली आपण मृत्यूविषयक चिंतन ओळखायला शिकलो. जी. ए. कुलकर्णी यांच्या कथांवरील समीक्षा पाहिली तर नियती, अटळता, मृत्यूची चाहूल या संज्ञा वारंवार भेटतात. परंतु मेलेल्या माणसाच्या वतीने कथेत कोण बोलते, आणि तसे बोलण्याचा अधिकार त्याला कोणी दिला, हे प्रश्न आपण बहुधा लोकसाहित्याच्या किंवा भयकथेच्या खात्यावर टाकून मोकळे होतो. नारायण धारप, रत्नाकर मतकरी यांच्या कथांतील मृत काहीतरी मागण्यासाठी परत येतात. ‘गंभीर’ साहित्यातील मृतांचे मात्र काही मागणे नसते, असे जणू आपण गृहीत धरले आहे.

हे गृहीत तपासून पाहण्याची वेळ आली आहे असे प्रस्तुत लेखकाला वाटते. गेल्या काही दशकांत मराठी कादंबरी पुन्हा पूर्वजांकडे वळली आहे. घराण्याचा, जातीचा, गावाचा, राज्याचा इतिहास हा तिचा एक मुख्य विषय झाला आहे, आणि या इतिहासातली माणसे अर्थातच मृत आहेत. ती कादंबरीत बोलतात, आपली बाजू मांडतात, वाचक त्यांच्यावर प्रेम करतात, प्रसंगी त्यांच्यासाठी भांडतातही. अशा वेळी मृतांचे चित्रण हा केवळ तंत्राचा प्रश्न राहत नाही. तो वाङ्मयीन नीतीचाही प्रश्न होतो.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आपल्या समाजातील एक विधी उपयोगी पडेल. दहाव्या दिवशी पिंड ठेवला जातो आणि कावळा शिवण्याची वाट पाहिली जाते. कावळा शिवला नाही तर मृताची काही इच्छा राहिली असे समजतात. मग आप्त एकेक करून पुढे येतात. धाकट्याचे शिक्षण पुरे करू, मुलीचे लग्न लावून देऊ, भावाशी भांडणार नाही, अशी वचने दिली जातात. या विधीमागील श्रद्धा कोणी मानो वा न मानो, त्याची रचना लक्षात घेण्यासारखी आहे. जिवंतांनी केलेल्या व्यवस्थेला मृत नकार देऊ शकतो, एवढी जागा त्यात ठेवलेली आहे. तो का नाराज आहे हे कोणालाच निश्चित ठाऊक नसते. जिवंतांना केवळ अंदाज करावा लागतो, आणि अंदाज चुकला तर थांबावे लागते. पण याच विधीत एक सोयही आहे. कावळा येतच नाही, ऊन चढू लागते, मंडळींना घरी जायचे असते. तेव्हा दर्भाचा कावळा करून तो पिंडाला लावतात. मृताची संमती मिळाली असे ठरते आणि सर्व जण पाय धुऊन घरी परततात.

मराठी कादंबरीत खरा कावळा किती वेळा येतो आणि दर्भाचा किती वेळा, हा या लेखाचा विषय आहे.

२

मृतांविषयी किती बोलावे आणि कोठे थांबावे याचा विचार पुण्यात ज्या एका ठिकाणी शास्त्र म्हणून झाला, ते ठिकाण येरवड्याला आहे. येरवडा म्हटले की सामान्य पुणेकराला तुरुंग किंवा मनोरुग्णालय आठवते. परंतु १८२१ मध्ये स्थापन झालेल्या पाठशाळेतून वाढलेले डेक्कन कॉलेज १८६८ पासून येरवड्याच्या परिसरात आहे. १९३९ मध्ये ते संशोधनसंस्था म्हणून पुन्हा सुरू झाले, आणि त्या आरंभीच्या काळातच ह. धी. सांकलिया आणि इरावती कर्वे हे दोन अभ्यासक तेथे आले. एकाचे क्षेत्र पुरातत्त्व, दुसरीचे मानवशास्त्र. गुजरातमधील लांघणज येथे सापडलेल्या प्राचीन मानवी सांगाड्यांच्या निमित्ताने या दोघांनी एकत्र कामही केले. महाराष्ट्रातील मृतांचा हाडे, मडकी आणि राख यांच्या आधारे अभ्यास करण्याची परंपरा प्रामुख्याने या संस्थेत घडली.

तिचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे घोड नदीकाठचे इनामगाव. शिरूर तालुक्यातील या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचे उत्खनन १९६८ पासून पुढे सुमारे पंधरा वर्षे चालले आणि सांकलिया, म. के. ढवळीकर व झेड. डी. अन्सारी यांच्या नावाने त्याचा सविस्तर अहवाल १९८८ मध्ये निघाला. तीन हजार वर्षांपूर्वीच्या या गावात लोक आपल्या मृतांना घरातच पुरत असत. लहान मुले दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवलेली आढळतात. प्रौढांच्या सांगाड्यांत पुष्कळदा घोट्याखालचे पाय नाहीत. गावाच्या मध्यभागी असलेल्या, पाच खोल्यांच्या एका मोठ्या घराच्या अंगणात एक पुरुष चार पायांच्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसवलेला मिळाला.

पाय का तोडले असतील? मृताने घर सोडून जाऊ नये, किंवा त्याचे भूत होऊन त्याने गावभर हिंडू नये, असा तर्क अभ्यासकांनी केला आहे. तो पटण्यासारखा आहे. परंतु ‘पाय नाहीत’ हे निरीक्षण आणि ‘जाऊ नये म्हणून तोडले’ हे अनुमान यांतील अंतर पुरातत्त्वाच्या लेखनात कायम राखले जाते. रांजणातल्या पुरुषाला गावाचा प्रमुख मानण्यासाठी घराचा आकार, त्याचे स्थान, जवळचे धान्याचे कोठार असे पुरावे दिले जातात. तो दयाळू होता की क्रूर, हे कोणी लिहीत नाही. मृताविषयी जेवढे ज्ञात तेवढेच खात्रीने बोलणे, आणि उरलेले आपले म्हणून बोलणे, हा या शास्त्राचा शिष्टाचार आहे.

कादंबरीकाराने हा शिष्टाचार जसाच्या तसा पाळावा असे कोणी म्हणणार नाही. त्याने तो पाळला तर कादंबरीच उरणार नाही. पण याच संस्थेत काम करणाऱ्या एका लेखिकेने शास्त्र आणि कल्पना यांच्या सीमेवर उभे राहून तो वाङ्मयात कसा आणता येतो हे दाखवून दिले आहे, आणि त्याकडे मराठी समीक्षेचे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

३

१९६७ या एकाच वर्षी महाभारतातील मृतांना पुन्हा उभे करणारी दोन मराठी पुस्तके प्रसिद्ध झाली. एक शिवाजी सावंत यांची ‘मृत्युंजय’ आणि दुसरे इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’. पहिले कादंबरी आहे, दुसरे व्यक्तिचित्रणात्मक चिकित्सा. त्यामुळे त्यांची तुलना सहसा केली जात नाही. मृतांच्या चित्रणाच्या दृष्टीने मात्र ती करणे आवश्यक आहे.

‘मृत्युंजय’चा कर्ण आपण मृत आहोत हे जाणून बोलतो. मेलेला माणूस कसा बोलेल, ही वाचकाच्या मनात येणारी शंका तो आरंभीच उपस्थित करतो आणि तिला उत्तरही देतो. मराठी कादंबरीतील हा धीट प्रारंभ आहे. सावंतांनी पुढे कर्णाबरोबर कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण यांनाही निवेदक केले. इतक्या आवाजांमुळे कर्णाविषयी मतभेद ऐकू येतील अशी अपेक्षा निर्माण होते. प्रत्यक्षात हे सहाही आवाज एकाच भारदस्त, अलंकृत भाषेत बोलतात, आणि त्यांच्या बोलण्याचा कल कर्णाच्या थोरवीकडेच राहतो. मृत बोलतात खरे. पण ते परस्परांना अडवत नाहीत आणि लेखकालाही अडवत नाहीत. कर्णावर झालेल्या अन्यायाची भावना वाचकाला उत्कटपणे देणे हे या कादंबरीचे यश आहे व ते मोठे आहे. मात्र या यशात मृताची संमती आधीच गृहीत धरलेली आहे. कर्णाला हे आपले चित्र अमान्य असू शकेल, अशी शक्यता कादंबरीच्या रचनेत कोठेही शिल्लक नाही.

‘युगान्त’ची रीत निराळी आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हा कर्वे यांचा आधार आहे. संहितेत जे नाही ते नाही, ही त्यांची शिस्त आहे. परंतु द्रौपदीविषयीच्या लेखात त्या एका ठिकाणी ती शिस्त मोडतात. महाप्रस्थानाच्या वाटेवर कोसळलेल्या द्रौपदीचे अखेरचे क्षण त्या स्वतः रचतात आणि तिच्या मनात, तिच्या ओठी त्या क्षणी काय आले असेल हे लिहितात. हे करण्यापूर्वी त्या वाचकाला स्पष्टपणे सांगतात, की येथवरचे विवेचन चिकित्सक आवृत्तीला धरून होते. यापुढची ही माझी ‘नरोटी’. नरोटी म्हणजे नारळाची रिकामी करवंटी, टाकाऊ वस्तू. या अर्थाने हा शब्द एकनाथांनी प्रथम वापरल्याचा निर्देशही ‘युगान्त’च्या इंग्रजी आवृत्तीत त्यांनी केला आहे.

या एका शब्दाचे मोल मोठे आहे. कर्वे यांनी कल्पना करण्याचा हक्क सोडलेला नाही. उलट, त्यांचे हे कल्पित पान पुस्तकातील सर्वांत हृद्य पानांपैकी एक आहे, आणि ज्यांना बाकीचा तपशील आठवत नाही अशा वाचकांनाही ते आठवते. परंतु जे आपण मृताच्या तोंडी घातले ते आपले आहे, त्याचे मोल कमी लेखले गेले तरी चालेल, पण ते द्रौपदीच्या नावावर खपवायचे नाही, असा त्यांचा बाणा आहे. द्रौपदीला नकार देण्याची जागा त्यांनी मोकळी ठेवली. एकनाथांपासून आलेला हा शब्द आपल्या समीक्षेने एक संज्ञा म्हणून उचलावा असे सुचवावेसे वाटते. मृताविषयी लेखकाने केलेली, आणि केली असल्याची खूण ठेवलेली भर म्हणजे नरोटी. खूण पुसून केलेली भर म्हणजे दर्भाचा कावळा.

४

या दृष्टीने अलीकडच्या काही कादंबऱ्या पाहता येतील.

नंदा खरे यांच्या ‘अंताजीची बखर’ (१९९७) आणि ‘बखर अंतकाळाची’ (२०१०) या कादंबऱ्यांत अठराव्या शतकातील अंताजी नावाचा एक कल्पित माणूस स्वतःची हकिगत सांगतो. तो राजा नव्हे, सेनापती नव्हे, कोणाचा आदर्शही नव्हे. खरे यांनी बखरीचा घाट निवडला यातच नरोटीची खूण आहे. बखर हा मुळातच ऐकीव, पाहिलेले आणि रचलेले यांचा मिश्र प्रकार आहे, आणि मराठी वाचक तो त्याच सावधपणाने वाचतो. शिवाय अंताजीची तिरकस दृष्टी मोठ्या माणसांच्या मोठेपणाला सतत टोचत राहते. ज्यांच्याविषयी आपण शाळेत शिकलो ते मृत या बखरीत आपल्या ओळखीच्या वेषात येत नाहीत. वाचक अडखळतो. हे अडखळणे म्हणजेच मृताने दिलेला नकार, असे म्हणता येईल.

भालचंद्र नेमाडे यांच्या ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ (२०१०) या कादंबरीचा विचार अधिक बारकाईने करावा लागतो, कारण मृत हाच तिचा गाभा आहे. नायक खंडेराव हा पुरातत्त्वाचा अभ्यासक आहे, हा योगायोग नव्हे. मोहेंजोदडोच्या उत्खननातून तो मरणासन्न वडिलांसाठी मोरगावकडे निघतो आणि त्या प्रवासात घराण्यातले, गावातले, जातीजमातींतले जिवंत व मृत एकाच गर्दीत त्याच्याभोवती जमतात. जमिनीचे थर उकरणे आणि स्मृतीचे थर उकरणे यांची सांगड नेमाडे घालतात. या कादंबरीतील मृतांचे सामर्थ्य असे, की ते केवळ आठवणी होऊन येत नाहीत. हक्कदार म्हणून येतात. खंडेरावाला विद्या, शहर, स्वातंत्र्य हवे आहे, आणि त्याच्या मागे शेती, कुटुंब, वारसा यांचा तगादा आहे. मृतांना मागणे असते, ही जुन्या कुटुंबव्यवस्थेतील जाणीव मराठी कादंबरीत क्वचितच इतक्या ताकदीने आली असेल.

‘अडगळ’ हा शब्दही लक्षणीय आहे. स्वतःच्या वस्तूंना कोणी अडगळ म्हणत नाही. मागे राहिलेल्यांना गेलेल्यांच्या वस्तू अडगळ वाटतात. म्हणजे कादंबरीच्या नावातच दृष्टी वारसदाराची आहे याची कबुली आहे, आणि ‘समृद्ध’ या विशेषणाने त्या वारसदाराने मृतांशी केलेली तडजोडही आहे. जोवर कादंबरी या तडजोडीच्या ताणावर उभी राहते तोवर तिच्यातील मृत जिवंत वाटतात. परंतु जेथे त्या गर्दीतील आवाज संस्कृतीविषयीच्या एका व्यापक प्रतिपादनाचे साक्षीदार होऊ लागतात, तेथे त्यांच्यातील वेगळेपण विरते. उत्खननात एकेक थर स्वतंत्रपणे नोंदवावा लागतो. खालच्या थरातील खापर वरच्या थराची बाजू मांडण्यासाठी वापरता येत नाही. नेमाड्यांच्या मृतांना त्यांच्या-त्यांच्या थरात राहू दिले असते तर त्यांच्यातील काहींनी कादंबरीच्या भूमिकेशीच वाद घातला असता, असे वाटत राहते.

रंगनाथ पठारे यांची ‘सातपाटील कुलवृत्तांत’ (२०१९) ही कादंबरी आपल्या शीर्षकातच एक सामाजिक प्रश्न उभा करते. कुलवृत्तांत हा महाराष्ट्रात रुजलेला लेखनप्रकार आहे. ज्यांच्याकडे कागद होते, सनदा होत्या, वंशावळी होत्या, त्या कुळांनी आपले कुलवृत्तांत छापले. त्यांतही स्त्रिया बहुधा अमक्याची कन्या, तमक्याची पत्नी एवढ्यापुरत्याच असतात. ज्या शेतकरी कुळांकडे असे कागद नाहीत त्यांचा कुलवृत्तांत लिहायचा तर तो कल्पनेनेच लिहावा लागतो. यादवकाळाच्या अखेरीपासून वर्तमानापर्यंतच्या शतकांतून पठारे यांचा निवेदक आपल्या कुळाचा शोध घेतो, आणि हा शोध आजचा एक माणूस घेतो आहे ही गोष्ट कादंबरी लपवत नाही. येथे नरोटी ही मर्यादा राहत नाही. तीच पद्धत होते. कागद नसलेल्यांच्या पूर्वजांना कल्पनेखेरीज दुसरा आश्रय नाही, असा या पद्धतीचा अर्थ आहे.

५

यातूनच पुढचा प्रश्न निघतो. सर्व मृत पूर्वज नसतात. ज्यांना वारस नाही, ज्यांचा दहावा कोणी घातला नाही, त्यांच्या वतीने कोण बोलणार?

अण्णा भाऊ साठे यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा या प्रश्नाच्या मुळाशी जाते. मुंबईलगतच्या खाणीतले काम सुटलेला भीमा मसणवटीतील राखेतून आणि पुरलेल्या प्रेतांवरून सोने काढून घर चालवतो. श्रीमंत मृत आणि गरीब मृत यांतील फरक तो सोन्याच्या कणांवरून जाणतो. शेवटी एका प्रेताच्या दातांत त्याची बोटे अडकतात आणि त्याला ती गमवावी लागतात. त्यानंतर खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. या कथेतील प्रेत बोलत नाही, भूत होत नाही, कसला उपदेशही करीत नाही. पण मिटलेल्या जबड्याइतका स्पष्ट नकार मराठी कथेत दुसरा सापडणे कठीण आहे. भीमाची गरज खरी आहे आणि तो नकारही खरा आहे; अण्णा भाऊंनी दोहोंपैकी एकाचाही बळी दिला नाही. बाबुराव बागूल यांनी आपल्या कथासंग्रहाला ‘मरण स्वस्त होत आहे’ (१९६९) हे नाव दिले, त्यातही हीच जाणीव आहे. ज्या मरणाला किंमत नाही त्या मरणातील माणसाला नाव देणे हे त्यांच्या कथेचे कार्य आहे.

येरवड्याकडे पुन्हा पाहिले तर हा भेद नकाशावरच दिसतो. आगाखान पॅलेसच्या आवारात महादेवभाई देसाई (१५ ऑगस्ट १९४२) आणि कस्तुरबा (२२ फेब्रुवारी १९४४) यांच्या समाध्या आहेत. त्यांच्या मृत्यूची तारीख, वेळ, शेवटचा आजार हे सर्व नोंदलेले आहे. येरवड्याच्या कारागृहात १८ एप्रिल १८९८ रोजी फाशी गेलेल्या दामोदर चापेकरांनी तुरुंगात लिहिलेले आत्मवृत्त मागे ठेवले. त्यांच्याविषयी लिहिणाऱ्याला त्यांच्या शब्दांशी सामना करावाच लागतो. परंतु त्याच कारागृहात आणि शेजारच्या मनोरुग्णालयात दीड शतकाच्या काळात कोणताही लेख मागे न ठेवता मेलेल्यांना कादंबरीत जवळजवळ स्थान नाही. इनामगावच्या निनावी मुलांच्या हाडांवर जेवढे लक्षपूर्वक लेखन झाले तेवढेही त्यांच्या वाट्याला आले नाही. शेतकरी आत्महत्यांवरील आपल्या कथा-कादंबऱ्यांत मृत पुष्कळदा एका समस्येचे उदाहरण म्हणून येतो; तो कर्जाखेरीज आणखी कशाने त्रासला होता, कशावर हसत होता, कोणाशी वाईट वागला होता, हे कळत नाही. करुणेने लिहिलेले लेखनही मृताला अशा रीतीने गप्प करू शकते.

६

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. कादंबरी म्हणजे इतिहास नव्हे, कल्पनास्वातंत्र्य हा तिचा प्राण आहे, आणि प्रत्येक ठिकाणी ‘ही माझी नरोटी’ असे सांगत बसले तर रसभंग होईल. या आक्षेपात तथ्य आहे. पण नरोटी म्हणजे तळटीप नव्हे. ती निवेदनाच्या भूमिकेतून, घाटातून, भाषेच्या पोतातून, पात्रांच्या परस्परविरोधातून व्यक्त होऊ शकते. सतीश आळेकरांच्या ‘महानिर्वाण’ (१९७४) या नाटकाचे उदाहरण कादंबरीबाहेरचे असले तरी मार्मिक आहे. मेलेले भाऊराव कीर्तनकाराच्या थाटात बोलत राहतात आणि आपल्याला जुन्याच स्मशानात जाळावे असा हट्ट धरतात. जिवंतांची सारी व्यवस्था या हट्टामुळे खोळंबते. प्रेक्षक खदखदून हसतो, पण या मृताला बाजूला सारता येत नाही हेही त्याला उमगते. कीर्तनाचा घाट हीच येथे नरोटीची खूण आहे, आणि तिने रसभंग होण्याऐवजी रसनिष्पत्ती झाली आहे.

जागतिक साहित्यातही हेच दिसते. हुआन रुल्फो यांच्या ‘पेद्रो पारामो’ (१९५५) मध्ये सारे गावच मृतांचे आहे, आणि त्या कुजबुजीतून एक निश्चित सत्य कधी हाती लागत नाही. शेहान करुणातिलक यांच्या २०२२ चे बुकर पारितोषिक मिळालेल्या ‘द सेव्हन मून्स ऑफ माली अल्मेदा’ या कादंबरीत श्रीलंकेच्या यादवी संघर्षातील एक मृत छायाचित्रकार आपला खून कोणी केला हे शोधतो. तो मृत आहे म्हणून सर्वज्ञ झालेला नाही. त्यालाही पुरेसे ठाऊक नाही. मराठीतील बोलके मृत बहुधा सर्वज्ञ असतात. आपले मरण, आपली महत्ता, आपल्यावरील अन्याय यांविषयी त्यांच्या मनात संदेह नसतो. हा संदेहाचा अभाव त्यांचा नसतो, लेखकाचा असतो.

या अभावाची किंमत केवळ वाङ्मयीन राहिलेली नाही. ज्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या हस्तलिखितांची तुलना करून चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली, त्याच संस्थेवर ५ जानेवारी २००४ रोजी जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकाच्या वादातून हल्ला झाला. सावंतांच्या ‘छावा’ (१९७९) या कादंबरीवर आधारित हिंदी चित्रपट २०२५ च्या फेब्रुवारीत प्रदर्शित झाला, आणि मार्चमध्ये औरंगजेबाच्या खुलताबाद येथील कबरीच्या वादातून नागपुरात हिंसाचार झाला. कादंबरी वाचून माणसे दंगल करतात असे सुचवण्याचा हेतू नाही. अशा घटनांची कारणे राजकारणात शोधावी लागतात. तथापि ज्या समाजाला मृतांच्या मनातले सर्व काही ठाऊक आहे असे वाटते, त्या समाजाची ती खात्री काही अंशी त्याच्या कादंबऱ्यांनी घडवलेली असते, हे नाकारता येणार नाही. वर्गात ऐतिहासिक कादंबरी शिकवताना ‘हे संभाजी महाराज म्हणाले’ आणि ‘हे सावंतांनी लिहिले’ या दोन वाक्यांतील फरक जेव्हा विद्यार्थ्यांच्या लेखी पुसला जातो, तेव्हा शिक्षक म्हणून आपले काम अपुरे राहिलेले असते.

७

पदव्युत्तर स्तरावर ऐतिहासिक कादंबरी, पौराणिक कादंबरी, ग्रामीण कादंबरी, दलित कथा असे विभाग करून आपण शिकवतो. हे विभाग सोयीचे आहेत. पण त्यांच्या भिंतींमुळे या सर्व प्रकारांना समान असलेला मृतांचा प्रश्न नजरेआड होतो. ‘मृत्युंजय’, ‘युगान्त’, ‘अंताजीची बखर’, ‘हिंदू’ आणि ‘स्मशानातील सोनं’ या संहिता शेजारी ठेवून वाचल्या तर तो दिसू लागतो. संहितेतील मृताविषयी काय ज्ञात होते आणि लेखकाने काय घातले, ही भर घातल्याची खूण त्याने कोठे ठेवली, आणि त्या मृताला लेखकाच्या मताविरुद्ध जाण्याची संधी संहितेत कोठे आहे, एवढे प्रश्न जरी विद्यार्थ्याने स्वतःला विचारले तरी त्याचे वाचन बदलेल. एम. फिल. आणि पीएच. डी.च्या प्रबंधांतून मृत्यूविषयक जाणिवेवर पुष्कळ लिहून झाले आहे. मृतांच्या निवेदनाधिकारावर एखादा प्रबंध व्हायला हरकत नाही.

मृतांविषयी लिहू नये, असा या लेखाचा निष्कर्ष नाही. ज्यांचे कागद नाहीत, ज्यांना वारस नाहीत, त्यांना तर कादंबरीखेरीज दुसरे घर नाही. लिहावे, आणि मोकळेपणाने लिहावे. पिंड ठेवल्यावर थोडा वेळ थांबून कावळ्याची वाट मात्र पाहावी. तो आला नाही तर आपला अंदाज चुकला असे समजून दुसरा अंदाज करावा. दर्भ हाताशी असतोच; त्याचा कावळा करण्याची घाई करू नये.